बिनबर्फाची लस

माझी आई नर्सबाई होती आणि तिची निम्मी नोकरी बर्फामागे धावण्यात गेली. आर्वी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर तिची नेमणूक होती. लसीकरणाच्या दिवशी ती तालुक्याहून लशीची पेटी घेऊन निघायची. निळी, जाड झाकणाची, खांद्याला पट्ट्यानं अडकवायची पेटी. आत चारही बाजूंनी बर्फाच्या चपट्या डब्या आणि मधोमध पोलिओ, गोवर आणि त्रिगुणी अशा तिन्ही लशी. बर्फ गेला की लस गेली, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात बर्फाला जायला निमित्त लागत नाही. पेटी उन्हात ठेवू नका, झाकण उगाच उघडू नका, पेटीवर बसू नका, हे मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकत होते. घरात दूध उतू गेलं तर आई एकदाच ओरडायची. पेटीवर कुणी बसलं तर ते प्रकरण आठवडाभर चालायचं.

बाबा आर्वी आगारात वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून भोंग्यावरून गाड्यांची नावं पुकारायची, चालक-वाहकांशी भांडायचं आणि वेळ पाळायची, हे त्यांचं काम. वेळेच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. फक्त लसीकरणाच्या दिवशी एक गाडी हमखास थांबून राहायची. प्रवासी खिडकीशी येऊन म्हणायचे, "साहेब, गाडी काऊन नाई सोडून राह्यले?" बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "व्हीआयपी येऊन राह्यले." लोक माना वळवून आमदाराची गाडी शोधायचे आणि तेवढ्यात खांद्यावर पेटी, हातात छत्री, पदर खोचलेला अशी माझी आई धावत यायची. पेटी चालकाजवळच्या बॉनेटवर ठेवायची नाही, इंजिनाच्या धगीनं बर्फ पळतो, हा नियम बाबांनी स्वतःच काढला होता. एस.टी.च्या कुठल्याही पुस्तकात तो नव्हता, पण आर्वी आगारातला प्रत्येक चालक तो पाळायचा. माझ्या आईबाबांच्या संसारात प्रेम वगैरे शब्द कधी कुणी उच्चारला नाही. गाडी थांबवायची, बास.

एका उन्हाळ्यात गाडी मध्येच रस्त्यात बंद पडली. दुसरी मिळून आई गावात पोचली तेव्हा पेटीत कोमट पाणी होतं. शेतातली मजुरी बुडवून आलेल्या बाया पोरं कडेवर घेऊन शाळेच्या ओट्यावर बसल्या होत्या. आईनं त्यांना परत पाठवलं आणि लस ओतून दिली. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. मी तेव्हा शाळकरी होते. तिच्याजवळ बसून मी जाहीर करून टाकलं की मोठी झाल्यावर मी बर्फ न लागणारी लस काढीन. आई म्हणाली, "तसं काई नसते. झोप आता." मला तिचा फार राग आला, आणि माझा राग हा तसा चिवट राग आहे.

तर या रागापायी मी जीवरसायनशास्त्र शिकले असं म्हटलं तरी चालेल. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी शिकून परतले तोवर बाबा निवृत्त झाले होते आणि आम्ही वर्ध्याला नालवाडीत घर बांधलं होतं. आईची बदली जवळच्या गावी झाली होती, पेटी मात्र तीच. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. आत्याचा डावा पाय हत्तीपायानं सुजलेला होता. आमच्या भागात असे पाय तेव्हा घरोघरी दिसत आणि लोक त्याचं फारसं काही वाटून घेत नसत. आत्या तर त्या पायाला "माहा मोठा लेक" म्हणायची, कारण तो तिला कुठं जाऊ देत नसे.

मला काम मिळालं तेही हत्तीपायाच्याच प्रयोगशाळेत. तिथल्या मॅडम मूळच्या उत्तरेकडच्या. कडक, बुटक्या, बोलताना अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यांना तेव्हाच्या अगदी नव्या गोष्टीचा ध्यास लागला होता: डीएनएची लस. बाकीच्या लशीत मेलेला किंवा अर्धमेला जंतू असतो, नाहीतर जंतूचा तुकडा. या लशीत जंतू नाहीच, तुकडाही नाही. तो तुकडा कसा बनवायचा याची नुसती कृती, डीएनएच्या एका वर्तुळावर लिहिलेली. ती मांडीच्या स्नायूत टोचायची. शरीर कृती वाचतं, तुकडा स्वतःच बनवतं आणि त्याच्याशी लढायलाही शिकतं. मी आत्याला हे असं सांगितलं होतं: गिरडच्या नातेवाइकांना सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, पाठवली तर एस.टी.त आंबून जाते. सांबारवडी कशी करायची ते लिहून पाठवलं तर कागद थोडाच आंबतो. आत्या म्हणाली, "मंग थे लोक वडी करतीन कायले, आळशी हायेत."

पण मला ऐकू आली ती दुसरीच गोष्ट. मॅडमनी पहिल्याच दिवशी सहज सांगितलं की डीएनए फार टणक असतो, त्याला थंडाव्याची तशी गरज नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं पेटीतल्या डब्या पुसता पुसता विचारलं, "कोणी पाह्यलं का करून? आपल्या उन्हात?" आपल्या उन्हात कुणीही करून पाहिलं नव्हतं. म्हणजे प्रश्न अजून शिल्लक होता, आणि आता तो मला सोडवता येण्यासारखा होता.

अडचण एवढीच होती की ते वर्तुळ आमच्याकडे नव्हतं. मॅडमच्या एका वर्गमैत्रिणीनं दक्षिणेत कुठंतरी ते तयार केलं होतं, हत्तीपायाच्या कृमीतल्या एका तुकड्याची कृती त्यात बसवून. आता ती बाई आपली प्रयोगशाळा आवरून परदेशी निघाली होती. जायच्या आधी एक नमुना टपालानं पाठवते म्हणाली. तो आला तर प्रकल्प सुरू होणार आणि माझी नेमणूक पक्की होणार. नाही आला तर दुसऱ्यांदा मागायला ती जागेवर नसणार. आमची प्रयोगशाळा ज्या कॉलेजात होती त्याला उन्हाळ्याची सुट्टी, आवक-जावकच्या टेबलावर पत्रं महिनाभर पडून राहत. म्हणून मॅडमनी माझ्या घरचा पत्ता कळवला, केअर ऑफ बाबा.

टपालानं डीएनए कसा येतो हे मी घरी सांगायला हवं होतं, पण ते मलाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, काहीतरी डबी येईल, शिक्का मारलेली. प्रत्यक्षात जाड टीपकागदावर त्याचा एक थेंब टाकतात आणि वाळू देतात. वाळला की काहीच दिसत नाही, म्हणून त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढतात. खाली नमुन्याचा आकडा लिहितात. कागदाची वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून त्या बाईंनी कागदाचा एक कोपरा कातरीनं कापला होता.

विदर्भातल्या कुठल्याही माणसाला विचारा, कोपरा कापलेला कागद टपालानं आला तर त्याचा अर्थ काय. मयत. टेलिफोन गल्लोगल्ली येण्याआधी मौतीची बातमी अशीच यायची, कार्डाचा कोपरा फाडून. असं कार्ड घरात न्यायचं नाही. अंगणातच वाचायचं, तिथल्या तिथं फाडून टाकायचं, आंघोळ करायची आणि निघायचं.

तो लिफाफा आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते आणि आई प्रशिक्षणासाठी तीन दिवस नागपूरला गेली होती. घरी बाबा आणि आत्या. लिफाफ्यावर बाबांचं नाव ठसठशीत होतं, त्यामुळे बाबांनी तो फाटकातच फोडला. पुढचं सगळं मला नंतर दोघांकडून दोन तऱ्हांनी ऐकायला मिळालं, त्यातलं जुळतं तेवढं सांगते.

आत्यानं कोपरा पाहिला आणि भिंतीला टेकली. बाबा म्हणाले, "बाई, आपण हे मानत नाई." ते खरंच होतं. आजोबांनी छप्पन साली देव सोडले तेव्हा त्यांच्याबरोबर सगळी शिवाशिव, सुतक, शकुन-अपशकुन घराबाहेर गेलं होतं आणि बाबांना त्याचा मोठा अभिमान होता. "मानत नाई तं घरात नेऊन दाखव," आत्या म्हणाली. बाबांनी कागद घरात नेला नाही. उजेडात नीट दिसतं म्हणून अंगणातच पाहतो, असं ते म्हणाले.

कागद कोरा होता. नुसता एक गोल आणि त्याखाली तेराचा आकडा.

"लिवणाऱ्याले दुःखानं लिवणं नाई जमलं," आत्या म्हणाली. "गोल म्हंजे शून्य. मानूस संपला. तेरा म्हंजे तेरवी."

"आपल्यात तेरवी नसते, बाई."

"लिवणाऱ्याले कोण सांगते."

मेलं कोण, हे ठरवायला वेळ लागला नाही. बाबांचे मामा गिरडला राहत. दोन वर्षांपासून त्यांचं आज-उद्या, आज-उद्या चाललं होतं. आत्यानं कागदाचे चार तुकडे केले आणि कुंपणाकडे भिरकावले. तिनं आंघोळ केली. मग बाबांनीही केली. "उकडून राह्यलं होतं म्हून," असं ते आजन्म सांगत राहिले. भर दुपारी, गच्चीवरच्या टाकीतल्या उकळत्या पाण्यानं. आणि दोघं हिंगणघाटला गाडी बदलून गिरडला गेले.

संध्याकाळी मी घरी आले तर कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली आणि तोंड बारीक करून सांगितलं की गिरडचे मामा गेले. मला वाईट वाटलं. लहानपणी ते मला खांद्यावर घेऊन दर्ग्याच्या टेकडीवर चढायचे आणि वर पोचल्यावर म्हणायचे की खाली आता तू मला घेऊन चल. मी अंगणातच बसून थोडी रडले. ज्या लिफाफ्याची मी रोज वाट पाहत होते त्याचे तुकडे माझ्या आसपासच कुठंतरी पडले होते आणि मी मामांसाठी रडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आणि आत्या परत आले ते कैऱ्यांनी भरलेली पिशवी घेऊन. मयताहून कुणी कैऱ्या आणत नाही. बाबांना हसू आवरत नव्हतं आणि आत्या त्यांच्यावर रागावली होती.

झालं असं की गिरडच्या थांब्यावर उतरताच आत्यानं रीतीप्रमाणे गळा काढला. घराकडे जाईपर्यंत गल्लीतल्या तीन-चार बाया काही न विचारता तिच्या सुरात मिसळल्या. आमच्याकडे रडणाऱ्या बाईला एकटं सोडत नाहीत, चौकशी मागून होते. हा ताफा अंगणात शिरला तर मामा लिंबाखाली बाजेवर बसून आंबा चोखत होते. त्यांनी विचारलं, "कोण गेलं व?"

आत्या हुंदका देता देता म्हणाली, "तुमीच."

"मले नाई सांगतलं कोणी," मामा म्हणाले.

मग हसताना त्यांना ठसका लागला आणि तो इतका वाढला की सगळ्यांना वाटलं, आता चिठ्ठी खरी होते. पण मामा सावरले. इतके खूश झाले की रात्री ठेवून घेतलं, जेवण घातलं. आपल्यासाठी कोण कसं रडतं हे जिवंतपणी पाहायला मिळालेला तालुक्यातला मी पहिला माणूस, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. त्यानंतर ते पुष्कळ जगले.

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. मग मी विचारलं, "मग पत्र कोणाचं होतं?"

"थेच तं समजत नाई," बाबा म्हणाले. "कोराच होता कागद. जाड. पेन्सिलचा गोल तेवढा."

माझं हसणं कसं थांबलं ते मला अजून आठवतं. मी विचारलं, जाड म्हणजे किती जाड. बाबा म्हणाले, "टीपकागदावानी." मी विचारलं, कुठं आहे. आत्यानं अभिमानानं सांगितलं की तिनं तो रीतसर फाडला.

त्या दुपारी नालवाडीतल्या आमच्या गल्लीनं जे पाहिलं ते तिथं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. मी, बाबा आणि पाय ओढत आत्या, तिघंही मेच्या उन्हात कुंपणाच्या मेंदीत शिरून कागद शोधत होतो. शेजारच्या काकू मामांच्या मयताची विचारपूस करायला आल्या आणि त्याही वाकल्या. एक तुकडा पाचोळ्यात मिळाला, कोरा. एकावर तेराचा आकडा होता, तोही कामाचा नव्हता. गोलाचा एक अर्धा आमच्या हाती कधीच लागला नाही. आत्याचा संशय समोरच्या बकरीवर होता आणि बकरी काही बोलली नाही. दुसरा अर्धा शेवटी बाबांना सापडला. बांधकामाचं एक जुनं घमेलं भिंतीशी पालथं पडलेलं होतं, वाऱ्यानं तो त्याखाली सरकला होता. घमेलं इतकं तापलं होतं की बाबांनी ते पायानं उलथवलं. कागद कोरडा होता, काठानं पिवळट पडलेला, आणि त्यावर पेन्सिलीची अर्धी रेघ स्पष्ट दिसत होती.

ही कशाची चिठ्ठी होती ते मी आत्याला सांगितलं. ती बाजेवर बसली, आपल्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे माह्या पायाचा कागद मीच फाडला." मग तिनं मला जवळ घेऊन विचारलं, "जिता हाय का थो अजून?"

तेच मला माहीत नव्हतं.

मॅडमसमोर तो अर्धा तुकडा चिमट्यानं धरून मी सगळं सांगितलं. मामा, आंबा, घमेलं, सगळं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या हसत होत्या की काय ते मला कळेना. म्हणाल्या, "देखते हैं. डीएनए आहे, कुल्फी थोडीच आहे." आम्ही रेघेच्या आतला कागद कापला, दोन थेंब पाण्यात भिजवला आणि ते पाणी जिवाणूंमध्ये मिसळलं. डीएनए आत शिरावा म्हणून जिवाणूंना बेचाळीस अंशांचा चटका द्यावा लागतो, त्यासाठी तापवलेलं पाणी लागतं. बाहेर व्हरांड्यात याहून जास्त तापलं होतं. मॅडम म्हणाल्या, बाहेर नेऊन धरलं असतं तरी चाललं असतं. मग जिवाणू मारणारं औषध घातलेल्या जेलीवर ते पसरले. त्या औषधाला तोंड द्यायची कृतीही त्याच वर्तुळावर असते, म्हणून ज्यांच्यात ते शिरलं असेल तेच जगणार, बाकीचे मरणार. आणि एक जरी जगला तरी पुरे, कारण एकाचे लाख व्हायला रात्र पुरते.

सकाळी मी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच दारात उभी होते. जेलीवर पांढरे ठिपके होते. साबुदाण्याच्या कणीएवढे, मोजायला एका हाताची बोटं पुरतील इतके. मी ती ताटली उजेडाकडे धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना मिठी मारली. अशी पद्धत आमच्याकडे नव्हती आणि त्यांच्याकडेही नसावी, कारण त्या बराच वेळ पदर सारखा करत होत्या.

त्या संध्याकाळी आई नागपूरहून परतली. गिरडची गोष्ट बाबांनी नव्यानं रंगवून सांगितली. आई हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"थो कागद घमेल्याखाली किती येळ होता?" तिनं विचारलं.

"दोन दुपारी आणि मधली रात्र," मी म्हणाले.

"मेच्या उन्हात? बिना बर्फाचा?"

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली. "एखाद् वेळी होऊन जाते," ती म्हणाली. "असं मी नाई मानत. तुही लस झाली का मले देजो. मी नेतो माह्या पर्समधी. मंग पाहू."

मी हे मॅडमना गंमत म्हणून सांगितलं. मॅडमना ती गंमत वाटली नाही. त्या म्हणाल्या, याहून चांगला प्रयोग तुला मला सुचला असता का.

वर्षभरात आम्ही त्या ठिपक्यांतून भरपूर डीएनए वाढवला, शुद्ध केला. पुढच्या मे महिन्यात मॅडमनी दोन सारख्या बारीक नळ्या भरल्या. एक प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये गेली. दुसरी आईच्या पर्समध्ये, सुपारी, सुईदोरा आणि एस.टी.च्या जुन्या तिकिटांच्या शेजारी. आठवडाभर ती नळी आईबरोबर फिरली. अंगणवाडीच्या पत्र्याखाली, पायवाटेनं, बैलगाडीवर. बाबांना वाटलं, यात आपलंही काही असावं. एक दिवस ते आईबरोबर मुद्दाम आर्वीपर्यंत गेले आणि त्यांनी चालकाला सांगून पर्स सबंध रस्ताभर बॉनेटवर ठेवायला लावली. इतकी वर्षं ज्यांनी पेटी तिथं ठेवू दिली नाही ते आज हे काय करून राह्यले म्हणून चालक त्यांच्याकडे पाहत राहिला. आई सांगायची, त्या आठवड्यात तिला पहिल्यांदा कळलं की तिच्या त्या वाटेवर पळस किती आहेत. खांद्यावर निळी पेटी होतीच, तिला धावावंच लागत होतं, पण एक हात अधूनमधून पर्सवर जायचा आणि तिला हसू यायचं.

नळी परत आली. कुठली नळी कुठली हे मॅडमनी फक्त आपल्यापाशी ठेवलं, मलाही सांगितलं नाही. उंदरांचे तीन गट केले. दोन गटांना दोन नळ्यांतली लस, तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. टोचायचं काम माझं. मग पावसाळाभर थांबायचं, पुन्हा टोचायचं, पुन्हा थांबायचं.

इथं एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हत्तीपायाची लस आम्ही वर्ध्याला काढली. नाही काढली. उंदीर मोठा भाबडा प्राणी आहे, त्याला कृती दिली की तो लगेच करायला बसतो. माणसाचं शरीर आत्याच्या गिरडच्या नातेवाइकांसारखं निघालं. जगभर सगळ्यांचा तोच अनुभव होता. आमचा प्रकल्प संपला, मी दुसऱ्या कामाला लागले, आई निवृत्त होईपर्यंत बर्फच वाहत राहिली. पुढच्या दशकात बातमी आली की डीएनएची लस परदेशात घोड्यांसाठी मंजूर झाली, माशांसाठीही झाली. बाबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "घोड्याले भेटली, मासोळीले भेटली, मानसाचा नंबर कवा?" मी म्हणाले, रांगेत आहे. बाबांना रांग कळायची, जन्मभर त्यांनी तीच सांभाळली होती.

पण तो दिवस वेगळा होता. उंदरांच्या रक्ताची तपासणी व्हायची होती त्या दिवशी मॅडमनी आईला मुद्दाम बोलावून घेतलं. आई ठेवणीतलं पातळ नेसून आली, सोबत बाबा. बाबांना दारातल्या खुर्चीवर बसवलं. तपासणीची पाटी म्हणजे प्लॅस्टिकचा एक चपटा ट्रे, त्यात ओळीनं बारीक बारीक वाट्या. उंदराच्या अंगात लढायची ताकद आली असेल तर वाटी पिवळी होते, नसेल तर पाण्यासारखी राहते. मी शेवटचा थेंब टाकला आणि आम्ही तिघी पाटीवर वाकलो. आईनं चष्मा लावला.

मिठाच्या पाण्याची ओळ तशीच राहिली, नितळ. मग वरच्या दोन ओळींच्या तळाशी रंग धरू लागला. आधी इतका फिका की मला वाटलं, मनाचे खेळ आहेत. मग लिंबाच्या सालीसारखा, मग हळदीच्या पाण्यासारखा. दोन्ही ओळी, टोकापासून टोकापर्यंत. बाबा खुर्चीवरून उठून आले.

मॅडम म्हणाल्या, "ताई, यातली एक ओळ फ्रीझरची आणि एक तुमच्या पर्सची. ओळखा तुमची कोणती."

आईनं पाटी हातात घेतली. कुठल्याही कुपीकडे एक नजर टाकून लस चांगली की वाईट ते सांगणारी माझी आई. तिनं पाटी खिडकीशी नेली, तिरपी केली, सरळ केली. पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली. ती रडतेय असं मला वाटलं आणि मग दिसलं की ती हसतेय.

"मले नाई ओळखता येत," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून, त्यांनी ऐकलं नसेल म्हणून, पुन्हा एकदा म्हणाली, "आयकलं का, मले नाई ओळखता येत."

मॅडम उत्तर सांगायला गेल्या. आईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "नका सांगू."